एचआयव्हीच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये जायचंय: शोधायची कुठे, विचारायचं काय?

ओंजळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. एआरटी (विषाणूला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) नियमित चालू आहे, व्हायरल लोड अनडिटेक्टेबल, म्हणजे रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी, आणि सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी व्यवस्थित. म्हणजे अडलंय असं काही नाही. पण दोन महिन्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं, पेशींमध्ये दडून बसलेला विषाणू हुडकायचे प्रयोग, असं काहीबाही वाचनात येतं आणि वाटतं, हे सगळं ज्यांच्यावर तपासतात ती माणसं कोण असतात? त्यांत आपण का नाही? आज मी जी गोळी घेऊन निवांत झोपते, तीही आधी कुणीतरी घेऊन बघितली म्हणूनच माझ्यापर्यंत आली.

डॉक्टरांपाशी विषय काढला तर म्हणाले, "सगळं सुरळीत चाललंय, कशाला नसती उठाठेव?" त्यांची काळजी समजते, पण माझे प्रश्न तसेच राहिले. अशा ट्रायल शोधायच्या कुठे? चालू गोळ्या बंद कराव्या लागतात का? माझ्या वाट्याला नुसता प्लासिबो, म्हणजे बिनऔषधी गोळी, आला तर? मध्येच सोडावंसं वाटलं तर सोडता येतं का? आणि सगळ्यात मोठी धास्ती, नाव बाहेर फुटणार नाही ना?

जाणकारांनी लिहावं. उघड लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.

सातपाकळी

ओंजळ, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी एचआयव्हीच्या अभ्यासांमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

शोधायला सुरुवात क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या संकेतस्थळापासून करा. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ते २००० साली सुरू केलं, पण त्यात जगभरातल्या अभ्यासांची नोंद असते. दुसरं म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी नावाचं पोर्टल. निरनिराळ्या देशांच्या नोंदवह्या तिथे एकत्र शोधता येतात. आजाराच्या रकान्यात एचआयव्ही, मग देश, आणि स्थितीमध्ये 'रिक्रूटिंग' निवडा. 'अॅक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग' दिसलं तर अभ्यास चालू आहे पण नवीन माणसं घेत नाहीत. प्रत्येक अभ्यासाला क्रमांक असतो, अमेरिकी नोंदवहीत एनसीटी आणि पुढे आठ आकडे. तो लिहून ठेवा. फोनवर बोलताना 'तो इंजेक्शनवाला अभ्यास' म्हणण्यापेक्षा क्रमांक सांगितला की गोंधळ होत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. नोंदवहीत नाव आहे म्हणजे सरकारने अभ्यास तपासून चांगला ठरवलाय असं नाही. ते संकेतस्थळ स्वतःच हे सांगतं. स्टेम सेलच्या नावाखाली सहभागींकडूनच पैसे उकळणाऱ्यांनीही तिथे नोंदणी केल्याचं उघडकीला आलेलं आहे.

मग पात्रतेच्या अटी वाचा. वय, व्हायरल लोड, उपचार किती काळ चालू आहेत, मूत्रपिंड आणि यकृताचे रिपोर्ट, गरोदरपण, चालू असलेली इतर औषधं. या अटी तुम्हाला अडवायला नसतात, बहुतेकींमागे सुरक्षिततेचं कारण असतं. उदाहरणार्थ, इंजेक्शनांच्या अभ्यासांत हेपटायटिस बी असलेल्यांना सहसा घेत नाहीत. का? तर आपल्या नेहमीच्या गोळीतलं टेनोफोविर आणि लॅमिवुडिन हे एचआयव्हीबरोबर हेपटायटिस बीच्या विषाणूलाही दाबून ठेवतं. कॅबोटेग्रॅविर आणि रिल्पिविरिनच्या इंजेक्शनांना ते जमत नाही. गोळी बंद केली की एचआयव्ही आटोक्यात राहील, पण यकृतात दबलेला दुसरा विषाणू उसळी मारेल. म्हणून स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे अभ्यासात घेण्याआधीच्या चाचपणीत, ती तपासणी असते, आणि त्यात नाव गळलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही.

प्लासिबोबद्दल. १९८६ साली एझेडटी या एचआयव्हीवरच्या पहिल्या औषधाची मोठी ट्रायल झाली, तेव्हा एका गटाला खरोखरच नुसता प्लासिबो दिला होता, कारण दुसरं औषधच नव्हतं. प्लासिबो गटात १९ जण दगावले, औषधाच्या गटात एक. ट्रायल वेळेआधी थांबवून सगळ्यांना औषध देऊ केलं. आज परिणामकारक उपचार हाताशी असताना एचआयव्ही असलेल्या माणसाला नुसत्या प्लासिबोवर ठेवून नव्या औषधाशी तुलना करणं नैतिकदृष्ट्या कुणीच मान्य करत नाही. नवं औषध विरुद्ध सध्याचं प्रचलित औषध, अशीच तुलना असते. प्लासिबो आला तरी तो चालू एआरटीच्या जोडीला येतो.

आणि हो, सगळ्या ट्रायल विषाणूवरच्याच नसतात. रिप्रीव्ह नावाच्या अभ्यासात एचआयव्ही असलेले ७,७६९ जण होते, वय ४० ते ७५. सगळ्यांची एआरटी होती तशीच चालू, फक्त निम्म्यांना रोज पिटाव्हास्टॅटिनची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना स्टॅटिनच्या गटात ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालं. चालू उपचारांना हात न लावता काही करावंसं वाटत असेल तर असे अभ्यास आवर्जून बघा. लोकांचं त्यांच्याकडे लक्षच जात नाही.

रानवारा

माहिती चांगली आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी. अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये काय झालं? १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय माणसांना उपचार न देता नुसतं बघत बसले. पेनिसिलिन सर्रास मिळायला लागल्यावरही दिलं नाही. त्यांनाही 'तुमच्यावर उपचार चालू आहेत' असंच सांगितलं होतं. औषध कंपन्यांना माणसं हवी असतात आणि गरजू माणूस सही करतो. ओंजळताई, तुमची तब्येत उत्तम आहे. आपणहून गिनिपिग का व्हायचं?

जुना_वाचक

रानवारा, तुमची शंका रास्त आहे. विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण एचआयव्हीच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट घडली, ती सांगतो.

१९८३ साली डेन्व्हरमध्ये एड्स झालेल्या माणसांनीच एकत्र येऊन जाहीर केलं की आम्हाला 'बळी' म्हणू नका, आणि आमच्याबद्दलचे निर्णय आमच्याशिवाय घेऊ नका. ऑक्टोबर १९८८ मध्ये अॅक्ट अप या एड्सग्रस्तांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएला घेराव घातला. औषधं लवकर तपासा, ट्रायलमध्ये स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना घ्या, प्लासिबोवर मरू देऊ नका, अशा मागण्या होत्या. यातले कित्येक जण स्वतः आजारी होते आणि पुढची वर्षं बघायला राहिले नाहीत. पण त्यांच्यामुळे संशोधनाच्या बैठकीत रुग्णांना खुर्ची मिळाली. आज एचआयव्हीच्या मोठ्या अभ्यासकेंद्रांना कम्युनिटी अॅडव्हायझरी बोर्ड असतं. त्यात बाहेरची, बहुतेकदा एचआयव्हीसह जगणारी माणसं असतात, संमतीपत्राचा मसुदा वाचून 'हे कुणाला कळणार नाही, सोपं करा' असं तोंडावर सांगतात.

शिवाय मोठ्या ट्रायलवर डेटा सेफ्टी मॉनिटरिंग बोर्ड असतं. अभ्यास चालवणाऱ्यांपेक्षा स्वतंत्र असलेले तज्ज्ञ मधूनमधून आकडे उघडून बघतात. स्मार्ट नावाच्या अभ्यासात ५,४७२ जण होते. सीडी४ चांगला असेल तेव्हा औषधं थांबवून विश्रांती दिली तर चालेल का, हा प्रश्न. जानेवारी २००६ मध्ये बोर्डाने तो मध्येच थांबवायला लावला, कारण औषधं थांबवलेल्या गटात आजारपणं आणि मृत्यू जास्त दिसले. उलट स्टार्ट अभ्यासात ३५ देशांतले ४,६८५ जण. सीडी४ ५०० च्या वर असतानाच उपचार सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी दिसला, म्हणून मे २०१५ मध्ये निकाल वेळेआधी जाहीर करून थांबलेल्यांनाही औषध देऊ केलं. 'सीडी४ घसरेपर्यंत थांबा' हा सल्ला इतिहासजमा झाला तो यामुळे.

रानवारा

स्मार्टचं माहीत नव्हतं. पण मग त्या गटातल्या ज्यांचं नुकसान झालं त्यांचं काय?

जुना_वाचक

त्यांचं नुकसान झालंच. ते नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच सही करण्याआधी 'मला इजा झाली तर उपचार कोण करणार, भरपाई कोण देणार, किती काळ' हे संमतीपत्रात शब्दांत लिहिलेलं आहे का ते बघायचं. तोंडी आश्वासन उपयोगाचं नाही.

मृण्मयी

मी हे वाचत होतेच, आज लिहावंसं वाटलं. माझा नवरा पॉझिटिव्ह आहे, मी निगेटिव्ह. आमच्यासारख्या जोडप्यांवर झालेल्या एचपीटीएन ०५२ आणि पार्टनरसारख्या अभ्यासांमुळे आमचा संसार भीतीतून बाहेर आला. पार्टनरच्या दोन्ही टप्प्यांत, जोडीदाराचा विषाणू दाबलेला असताना त्याच्याकडून एकही संसर्ग झाला नाही, हे आमच्या समुपदेशकांनी सांगितलं तेव्हा मी तिथेच रडले होते.

आता नवऱ्याला 'क्युअर'च्या एका अभ्यासात जायचंय. त्यात काही आठवड्यांनी एआरटी थांबवून बघणार आहेत. तो म्हणतो, "बरा झालो तर?" मी म्हणते, इतकं सावरलेलं परत मोडायचं कशाला? कुणी सांगू शकेल का?

सातपाकळी

मृण्मयी, तुमची घालमेल अगदी समजते. त्याला एटीआय म्हणतात, देखरेखीखाली उपचार थांबवणं. एआरटी चालू असताना विषाणू दिसतच नाही, त्यामुळे नव्या उपचाराने तो खरंच आटोक्यात आला की नाही, हे औषध थांबवल्याशिवाय कळायला दुसरी खात्रीची वाट अजून नाही. म्हणून हे करतात.

गोळ्या थांबवल्यावर बहुतेकांमध्ये विषाणू दोन-तीन आठवड्यांत परत दिसू लागतो. त्या काळात दर आठवड्याला, कधी त्याहून लवकर, रक्त तपासतात. औषध पुन्हा कधी सुरू करणार याचे निकष प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) आधीच ठरलेले असतात: व्हायरल लोड अमुक आकड्याच्या वर राहिला, सीडी४ घसरला, लक्षणं दिसली, किंवा सहभागी म्हणाला की बस्स. हे आकडे मागून घ्या. काही अभ्यासांत थोडा वर आला की लगेच गोळ्या, काहींत बराच काळ वर राहू देतात. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आता तुमच्याबद्दल. अनडिटेक्टेबल असताना संसर्ग होत नाही, हे कवच गोळ्यांवर उभं आहे. गोळ्या थांबल्या की ते गेलं. एटीआयच्या काळात जोडीदाराला संसर्ग झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. म्हणून कंडोम आणि तुमच्यासाठी प्रेप (संसर्ग टाळायला निगेटिव्ह माणसाने घ्यायचं औषध), याची सोय अभ्यास करणार का, हे विचारा. सही नवऱ्याची असली तरी तुम्ही समुपदेशनाला बरोबर जा. चांगल्या केंद्रात जोडीदाराला आनंदाने आत बोलावतात.

आणि 'बरा झालो तर' याबद्दल मन घट्ट करून लिहिते. टिमोथी रे ब्राउन हे बरे झालेले पहिले गृहस्थ. २००७ साली त्यांना रक्ताच्या कर्करोगासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावं लागलं, आणि दात्याच्या पेशींमध्ये सीसीआर५ चा, म्हणजे विषाणू ज्यातून पेशीत शिरतो त्या दाराचा, असा दुर्मिळ बदल होता की विषाणूला शिरकावच करता येत नव्हता. कर्करोग नसलेल्या माणसाने घ्यावा असा तो उपचार नाही, प्रत्यारोपणातच जीव जाऊ शकतो. सध्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या अभ्यासांच्या संमतीपत्रात सहसा सरळ लिहिलेलं असतं की तुम्हाला स्वतःला फायदा अपेक्षित नाही. नवऱ्याने ते वाक्य वाचून, त्यावर दोन दिवस विचार करून, तरीही जावंसं वाटलं तर जावं. बरं होण्याच्या आशेने जाणं आणि पुढच्यांच्या कामी यावं म्हणून जाणं, यांतलं आपलं कोणतं हे त्याचं त्यालाच ओळखावं लागेल.

दीर्घश्वास

इथे सगळे पॉझिटिव्ह बाजूने बोलतायत म्हणून लिहितो. मी निगेटिव्ह आहे आणि प्रतिबंधक लसीच्या ट्रायलमध्ये होतो. लसीतून एचआयव्ही होत नाही, कारण त्यात जिवंत विषाणू नसतो, विषाणूच्या काही भागांसारखी रचना असते. पण शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. नेहमीची एचआयव्ही चाचणी मुख्यतः प्रतिपिंडं शोधते, म्हणून माझी चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि असं वर्षानुवर्षं राहू शकतं. खरा संसर्ग आहे की नाही, हे विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या चाचणीनेच कळतं.

एकदा शस्त्रक्रियेआधी एका दवाखान्यात नेहमीच्या तपासणीत नेमकं तेच झालं. तिथल्या माणसाने कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर रिपोर्ट सांगितला. ट्रायलमध्ये सहभागी असल्याचं कार्ड माझ्याकडे होतं, केंद्रातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं, आरएनए चाचणी झाली, प्रश्न मिटला. पण ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. लसीच्या अभ्यासात जाणाऱ्याने अशी चाचणी पुढे किती वर्षं मोफत करून देणार, हे विचारायलाच हवं. विमा आणि रक्तदानाच्या वेळीही हा प्रश्न येतो.

आमची लस उपयोगी ठरली नाही. थायलंडच्या आरव्ही१४४ या लसीच्या ट्रायलमध्ये १६,००० हून जास्त स्वयंसेवकांवर ३१ टक्के परिणाम दिसला होता. त्यावरून पुढे बेतलेली एचव्हीटीएन ७०२ दक्षिण आफ्रिकेत २०२० मध्ये थांबवली. मोझॅइको ही आणखी एका लसीची ट्रायल २०२३ मध्ये थांबली. मला पुन्हा विचारलं तर मी पुन्हा दंड पुढे करेन.

मृण्मयी

दीर्घश्वास, _/\_

अनिकेत_व

एक व्यावहारिक प्रश्न. ट्रायलमध्ये गोळी चुकली तर काढून टाकतात का? लोक खरं सांगतात?

सातपाकळी

चुकली म्हणून कुणी हाकलत नाही. लपवलं तर मात्र सगळ्यांचं नुकसान होतं. व्हॉइस नावाचा अभ्यास आफ्रिकेतल्या ५,०२९ स्त्रियांवर झाला होता, प्रतिबंधक गोळ्या आणि जेलचा. विचारल्यावर मिळालेल्या उत्तरांवरून आणि परत केलेल्या गोळ्यांवरून वापर ९० टक्क्यांच्या आसपास वाटत होता. रक्त तपासलं तर एक तृतीयांशाहूनही कमी नमुन्यांत औषध सापडलं. २०१३ मध्ये हे बाहेर आलं.

या मुलींना खोटारड्या ठरवणारे तेव्हा बरेच निघाले. मला ते पटत नाही. घरात गोळ्यांची बाटली सापडली तर 'तुला एचआयव्ही आहे' असा संशय घेणारी माणसं आजूबाजूला असताना रोज गोळी घेणं सोपं नसतं, आणि नर्ससमोर 'नाही घेतली' म्हणणंही सोपं नसतं. लपवावी लागणार नाहीत आणि रोज आठवावी लागणार नाहीत अशी औषधं हवीत, हे त्यातून ठळक झालं. २०२४ मध्ये पर्पज १ चा निकाल आला: वर्षातून दोनदा लेनाकापाविरचं इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ तरुण मुली आणि स्त्रियांमध्ये एकही संसर्ग नाही. तेव्हा चुकली असेल तर बिनधास्त सांगा. त्या माहितीचीही तितकीच गरज असते.

नवपालवी

माझ्या ओळखीतले एक वैद्य एचआयव्ही मुळासकट घालवायच्या औषधाची ट्रायल घेतायत. फी आहे, पण आधी एआरटी बंद करायला सांगतात म्हणजे शरीर शुद्ध होतं. कुणाला हवं असल्यास व्यनि करा.

सातपाकळी

नवपालवी, तुमचा हेतू चांगला असेल, पण इथे थांबून सगळ्यांसाठी स्पष्ट लिहिते. ट्रायलसाठी सहभागीकडून फी घेत नाहीत. औषध आणि अभ्यासाच्या तपासण्या मोफत, प्रवासखर्चही बहुतेक ठिकाणी मिळतो. नोंदणी क्रमांक नाही, एथिक्स कमिटीचा (अभ्यासाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीचा) संपर्क नाही, बरं करण्याची हमी आहे आणि देखरेखीशिवाय गोळ्या बंद करायला लावतात, अशा माणसाकडे कृपा करून कुणी जाऊ नका. ते वैद्य असोत की बडे डॉक्टर. स्मार्टचे आकडे वर दिलेलेच आहेत.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मधल्या काळात एका अभ्यासाशी बोलणं झालं, गोळीवरून दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांवर जाण्याचा. संमतीपत्र घरी आणून शांतपणे वाचलं. दोन जागी अडले. एका परिच्छेदात लिहिलंय की उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी साठवून ठेवतील, त्यात जनुकीय तपासणीही येते. विचारल्यावर कळलं की त्याला वेगळी सही आहे आणि 'नाही' म्हटलं तरी अभ्यासात घेतात. दुसरं, 'केव्हाही कारण न देता बाहेर पडू शकता' असं लिहिलंय. पण इंजेक्शन तर शरीरातच राहणार ना?

सातपाकळी

नेमक्या जागी बोट ठेवलंत. सही मागे घेता येते, टोचलेलं इंजेक्शन मागे घेता येत नाही. कॅबोटेग्रॅविर शेवटच्या डोसनंतर काही जणांच्या रक्तात वर्षभर किंवा जास्तही सापडतं, हळूहळू कमी होत. विषाणूला मारायला अपुरं, पण औषधाला सरावायला पुरेसं, अशी ती पातळी असते. त्या काळात दुसरं औषध नसेल तर विषाणू प्रतिकारक्षम होऊ शकतो आणि मग त्याच कुळातल्या चांगल्या गोळ्याही कुचकामी ठरू शकतात. म्हणून बाहेर पडायचं ठरलं तर पुढच्या इंजेक्शनची तारीख उलटण्याआधी गोळ्या सुरू झाल्या पाहिजेत, आणि त्या कोण देणार हे आज ठरलं पाहिजे.

तसंच अभ्यास संपल्यावर इंजेक्शन चालू राहणार का? काही प्रायोजक औषध बाजारात येईपर्यंत देत राहतात, काही नाही. लेखी मागा. आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना संमतीपत्राची प्रत द्या. त्यांना उठाठेव वाटली असेल, पण अभ्यास संपल्यावर तुम्ही परत त्यांच्याकडेच जाणार आहात.

ओंजळ

विचारलं. औषध उपलब्ध होईपर्यंत देणार असं लेखी आहे, आणि बाहेर पडल्यास जुन्या गोळ्या सुरू करेपर्यंत तपासण्या तेच करणार. हेपटायटिस बीचा जुना रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तरी ते नव्याने करतील. डॉक्टरांना प्रत दिली. त्यांनी पूर्ण वाचली, तपासण्यांच्या तारखांवर खुणा केल्या आणि म्हणाले, "रिपोर्ट मला पाठवत जा." पुढच्या आठवड्यात स्क्रीनिंग.

नावाचा प्रश्न तेवढा राहिला. घरात सगळ्यांना माहीत नाही.

दीर्घश्वास

कागदपत्रांवर नावाऐवजी कोड असतो. नाव आणि कोड जोडणारी यादी केंद्रात कुलूपबंद असते. देखरेख करणारे अधिकारी मूळ फाइल बघू शकतात, ते संमतीपत्रात लिहिलेलं असेल. पण गोष्टी फुटतात त्या बहुधा फोनमुळे. पहिल्याच दिवशी कोऑर्डिनेटरला सांगून ठेवा: कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन करायचा, दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं, मेसेजमध्ये कोणता शब्द येता कामा नये. माझ्या वेळी त्यांनी हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतं. घरी येणाऱ्या पाकिटावर केंद्राचा शिक्का नको, हेही सांगा.

ओंजळ

हे सुचलंच नसतं. सकाळी फोन करून सांगते.